औषध निम्मे होण्याआधी

‘किरणोत्सारी’ हा शब्द कानावर पडला की भलेभले बिचकतात. हाडांच्या स्कॅनसाठी शिरेत टोचायचे औषध किरणोत्सारी आहे, हे कळल्यावर तपासणी लांबणीवर टाकणारे रुग्णही असतात. ही भीती स्वाभाविक असली तरी बव्हंशी अनाठायी आहे. काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची.

या तपासण्यांत सर्वाधिक वापरले जाते ते टेक्नेशियम-९९एम. त्याचे अर्धायुष्य ६ तास. म्हणजे दर ६ तासांनी त्याचा किरणोत्सार निम्मा होतो आणि २४ तासांनी जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. काही भाग लघवीवाटेही निघून जातो, म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगतात. मात्रा अत्यल्प असते. तिच्यातून निघणारे गॅमा किरण कॅमेऱ्याने टिपले की हाडे, हृदय, मूत्रपिंडे यांचे काम कसे चालले आहे ते दिसते. गरोदर आणि स्तनदा महिलांनी मात्र डॉक्टरांना आधीच कल्पना द्यायला हवी.

पण जे रुग्णाच्या हिताचे, तेच पुरवठ्याच्या मुळावर येते. हे औषध साठवून ठेवता येत नाही. ते मिळते मॉलिब्डेनम-९९ पासून, आणि त्याचेही अर्धायुष्य ६६ तासच. ते मुख्यतः मोजक्या अणुभट्ट्यांत तयार होते. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची भट्टी बंद पडली. पुढल्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधील पेटेनची भट्टीही दुरुस्तीसाठी थांबली. अनेक देशांत रुग्णांच्या तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या.

पेट स्कॅनचे गणित तर आणखी कठीण. त्यासाठीच्या फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य ११० मिनिटे. सकाळी ६ वाजता तयार झालेल्या मात्रेचा साडेअकरा वाजता आठवा हिस्साच उरतो. ते बनवणारा देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. पण परळहून मोटारीने निघालेली मात्रा गडचिरोलीच्या रुग्णापर्यंत कामाची राहून पोहोचणे शक्य नाही.

मग दूरच्या जिल्ह्यांनी काय करायचे? टेक्नेशियम देणारा जनरेटर लांबचा प्रवास सोसतो आणि साधारण आठवडाभर रोज उपयोगी पडतो. त्यामुळे दूरच्या विभागांतील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत गॅमा कॅमेरा, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि जनरेटरचा नियमित पुरवठा, एवढे तरी सरकारने प्राधान्याने करावे. नुसता कॅमेरा खरेदी करून भागणार नाही. जनरेटर दर आठवड्याला लागतो आणि त्याची तरतूदही तशीच, न चुकता व्हायला हवी.

रुग्णांच्या हातीही एक गोष्ट आहे. दिलेली वेळ पाळा आणि येणे जमत नसेल तर आदल्या दिवशीच कळवा. तुमच्या नावाने मोजून ठेवलेली मात्रा उद्यापर्यंत टिकत नाही; आज मात्र ती दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ शकते.