काउंटी कचेरीचे दार कोणासाठी उघडे?

अमेरिकेतील लहान शेतकऱ्याला सरकारी मदत मिळत नाही, कारण त्याला योजनांची माहितीच नसते, असे तेथील सत्ताधारी मोठ्या संभावितपणे सांगतात. काउंटीतील कृषिखात्याच्या कचेरीत जावे, शेताची नोंद करावी, अर्ज भरावा. कर्ज आणि मृदसंधारणाचे अनुदान तयारच आहे! ही कचेरी कोणाच्या ताब्यात राहिली, एवढेच या उपदेशात सांगितले जात नाही.

१९३३ साली रूझवेल्ट सरकारने कापसाचे क्षेत्र घटविण्यासाठी अनुदान सुरू केले. पैसा जमीनमालकांच्या हाती पडला. त्यांनी वाटेकऱ्यांचा हिस्सा गिळला आणि पेरा घटताच हजारो कुटुंबांना जमिनीवरून हुसकून लावले. १९३४ साली आर्कान्सात गोऱ्या व कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन संघटना उभारली, ती याच लुबाडणुकीविरुद्ध.

योजनांची अंमलबजावणी शेतकऱ्यांनी निवडलेल्या काउंटी समित्यांकडे सोपविण्यात आली. लोकशाहीचा हा टेंभा दक्षिणेत गोऱ्या बागायतदारांच्या वाड्यावरच तेवत राहिला. कोणाला किती कापूस लावू द्यायचा, हे त्याच समित्या ठरवीत. १९८३ साली रेगन सरकारने कृषिखात्याचे नागरी हक्क कार्यालयच मोडीत काढले. भेदभावाच्या तक्रारी वर्षानुवर्षे धूळ खात पडल्या. १९२० साली सव्वानऊ लाखांच्या घरात असलेले कृष्णवर्णीय शेतकरी २०२२ च्या शेतीगणनेत ५० हजारही उरले नाहीत. हा काय माहितीच्या अभावाचा परिणाम?

शेतकरी न्यायालयात गेले, तेव्हा १९९९ साली ‘पिगफर्ड’ खटल्यात सरकारला तडजोड करावी लागली. मुदत टळली म्हणून हजारो दावे नाकारले गेले. त्यांच्यासाठी २०१० साली आणखी सव्वा अब्ज डॉलर्स मान्य करावे लागले. पण २०२१ साली मंजूर झालेली कर्जमाफी गोऱ्या शेतकऱ्यांच्या दाव्यांवरून न्यायालयांनी रोखली आणि २०२२ साली ती रद्दच झाली.

आजही कागदपत्रांची तटबंदी कायम आहे. मृत्युपत्राविना वारसांत सामाईक राहिलेल्या जमिनीवर शेताचा क्रमांक मिळविणे २०१८ च्या कायद्यापर्यंत दुरापास्त होते. संधारणाचे अनुदान बहुधा काम पुरे झाल्यावर हाती पडते. म्हणजे आधी खर्च करण्याची ऐपत हवी. ज्याच्याकडे भांडवल, वकील आणि समितीत सोयरा, त्याला योजना घरबसल्या सापडते.

म्हणून पत्रके वाटून हा प्रश्न सुटणार नाही. १९६४-६५ मध्ये नागरी हक्क चळवळीतील तरुणांनी या समित्यांच्या निवडणुकीत कृष्णवर्णीय उमेदवार उभे केले. १९६७ साली दक्षिणेतील सहकारी संस्थांनी महासंघ स्थापला. अर्ज, जमिनीचे हक्क आणि कायदा यांसाठी तो आजही शेतकऱ्यांच्या पाठीशी उभा आहे. कचेरीचे दार जेव्हा जेव्हा किलकिले झाले, ते संघटित धडकेनेच. एकट्यादुकट्या अर्जदारासाठी ते आपण होऊन उघडल्याचा दाखला या इतिहासात शोधून सापडत नाही.