बीज केवढं?
"मामा, एवढं मोठं कृष्णविवर इतक्या लवकर कसं झालं?" भाचीने विचारलं. मी एक्सेल उघडलं.

जे०३१३-१८०६ या क्वेसारमधलं कृष्णविवर १६० कोटी सूर्यांएवढं. तेव्हा विश्वाचं वय ६७ कोटी वर्षं. मेलेल्या ताऱ्याचं, १०० सूर्यांएवढं कृष्णविवर दर साडेतीन कोटी वर्षांनी दुप्पट होत गेलं, तरी ८४ कोटी वर्षं लागतात!

म्हणजे बीजच मोठं हवं. शेजारच्या ताऱ्यांचे अतिनील किरण हायड्रोजनचे रेणू फोडतात. मग वायू फारसा थंड होत नाही, त्याचे तुकडे पडून छोटे तारे बनत नाहीत. अख्खा ढग कोसळून लाखभर सूर्यांएवढं बीज होऊ शकतं. आता ४९ कोटी वर्षं पुरतात.

शास्त्रज्ञ ही कल्पना अजून पडताळताहेत. पण उत्तर जुळेना की आधी सुरुवातीचा आकडा बघायचा, हे आम्हा कोडवाल्यांच्या सवयीचंच!