चालकाविना धावणारी मालगाडी

आगगाडी हे असे वाहन आहे की, ज्यावर लोक केवळ उपयोगासाठी प्रेम करीत नाहीत. आगगाडीचे छांदिष्ट बहुतेक सर्व देशांत आढळतात. इंजिनांचे क्रमांक टिपून ठेवावेत, घाटाच्या चढावर तासन्‌तास उभे राहून गाड्यांची छायाचित्रे घ्यावीत, सिग्नलांच्या जुन्या पद्धतींवर वाद घालावेत, यात या मंडळींना आनंद वाटतो. गेली काही वर्षे त्यांच्यात एका प्रश्नावरून मतभेद माजला आहे. इंजिनात माणूसच नसलेली मालगाडी ही आगगाडीची प्रगती म्हणावयाची, की अवनती? वाद हौशी लोकांचा असला, तरी त्यात तुम्हांआम्हां सर्वांनी विचार करावा असे पुष्कळ आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबरा हा तांबड्या मातीचा, रखरखीत आणि विरळ वस्तीचा प्रदेश. तेथील लोहखनिज समुद्रकाठच्या बंदरांपर्यंत नेण्यासाठी खाण कंपन्यांनी स्वतःचे लोहमार्ग बांधले आहेत. त्यांपैकी रिओ टिंटो या कंपनीच्या मार्गांची लांबी १,७०० किलोमीटरहून अधिक आहे. १० जुलै २०१८ रोजी खनिजाने भरलेली तिची पहिली चालकविरहित गाडी टॉम प्राइसहून केप लॅम्बर्ट बंदरापर्यंत २८० किलोमीटर धावली. गाडीत सुमारे २८,००० टन खनिज होते, आणि तिच्यावर देखरेख चालली होती ती दीड हजार किलोमीटरहून दूर असलेल्या पर्थ शहरातून! त्या वर्षाच्या अखेरीस ही पद्धत रूढ झाली. तिच्यासाठी सुमारे ९४ कोटी अमेरिकी डॉलर खर्च आला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. उत्तर अमेरिकेतील अनेक यार्डांत वाघिणी जोडण्या-सोडण्याच्या कामी जमिनीवर उभा असलेला कामगार कमरेला बांधलेल्या पेटीवरील कळांनी इंजिन हलवितो. ते दूरनियंत्रण होय. तेथे चालक जागा बदलतो, नाहीसा होत नाही. पिलबरातील गाडी मात्र संगणक चालवितो. सिग्नल, वेगमर्यादा आणि पुढील गाडीचे अंतर यांचा हिशेब यंत्रच करते. माणूस पडद्यासमोर बसून लक्ष ठेवतो.

या योजनेचे कौतुक करणारे छांदिष्टही थोडे नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, लोहमार्गाचा इतिहास हा सुधारणांचाच इतिहास आहे. वाफेचे इंजिन गेले, तेव्हाही डोळ्यांत पाणी आणणारे लोक होते. शिवाय या वैराण प्रदेशात चालकाचे काम सुखाचे नव्हते. पाळी बदलण्यासाठी गाडी वाटेत थांबवावी लागे, आणि चालकांची ने-आण करण्यात मोटारी वर्षाकाठी सुमारे पंधरा लाख किलोमीटर धावत. ते श्रम आणि त्या प्रवासातील धोका आता वाचला.

विरोधकांचे पहिले म्हणणे कौशल्यासंबंधी आहे. दोन किलोमीटरहून लांब गाडी चढ ओलांडते, तेव्हा तिचा पुढचा भाग उतारावर असतो आणि मागचा अजून चढतच असतो. कपलिंगांवर पडणारा तो ताण अनुभवी चालकाला जणू अंगानेच कळतो. हे ज्ञान पुस्तकात मावत नाही. ते जुन्या चालकाच्या शेजारी बसूनच शिकावे लागते, आणि ती परंपरा एकदा तुटली की पुन्हा जोडणे अवघड. दुसरे म्हणणे अधिक व्यावहारिक आहे. निर्जन माळावर गाडी अडली, तर खाली उतरून पाहणार कोण?

५ नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच प्रदेशात घडलेल्या एका अपघाताचा दाखला दोन्ही पक्ष देतात. बीएचपी या दुसऱ्या कंपनीची ४ इंजिने व २६८ वाघिणी असलेली गाडी ब्रेकची विद्युततार सुटल्याने वाटेत थांबली. या गाडीवर चालक होता. तो हातब्रेक लावण्यासाठी खाली उतरला. मदतीस आलेल्या कामगारांनी चुकून शेजारच्या दुसऱ्याच गाडीला ब्रेक लावले. सुमारे तासाभराने विद्युतब्रेक आपोआप सुटले, आणि गाडी एकटीच ९० किलोमीटरांहून अधिक अंतर धावत गेली. अखेर पर्थहून सांधे बदलून ती मुद्दाम रुळांवरून उतरविण्यात आली. कोणीही जखमी झाले नाही. एक पक्ष म्हणतो, चूक माणसाची झाली. दुसरा म्हणतो, ब्रेक यंत्राने सोडले. पुढे मे २०२४ मध्ये कराथाजवळ रिओ टिंटोच्या चालकविरहित गाडीने रुळांवर उभ्या असलेल्या वाघिणींना धडक दिली. त्या वेळीही सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

आपल्याकडे २५ फेब्रुवारी २०२४ रोजी कठुआहून एक मालगाडी चालकाविना निघाली आणि सुमारे ७० किलोमीटर धावून पंजाबात थांबली. ती योजनेने नव्हे, निष्काळजीपणाने सुटली होती. तिच्या वाटेवर फाटके होती, स्थानके होती, माणसांचा राबता होता. पिलबरातील निर्मनुष्य मार्गावर जे साधले, ते गजबजलेल्या मार्गावर तसेच्या तसे साधेल, असे मानणे शहाणपणाचे नाही.

म्हणून या वादात यंत्र श्रेष्ठ की माणूस, हा प्रश्न गौण वाटतो. वरील प्रत्येक प्रसंगात गाडी माणसांनीच रचलेल्या व्यवस्थेतून निसटली, आणि जेथे ती वेळीच आवरली, तेथे कोणा जागरूक माणसानेच ती आवरली. चालक इंजिनातून उतरला, तरी जबाबदारी उतरत नाही. ती रूळ तपासणाऱ्याकडे, यंत्राची रचना करणाऱ्याकडे आणि पडद्यासमोर रात्र जागविणाऱ्याकडे जाते. त्यांना पुरेसे शिक्षण व विश्रांती मिळते की नाही, आणि ज्यांचे काम गेले त्यांना नवे काम शिकविले जाते की नाही, हे पाहणे समाजाचे कर्तव्य होय. फाटकापाशी उभे राहून हात हलविणाऱ्या मुलाला उत्तरादाखल हात हलविणारा चालक उद्या कदाचित दिसणार नाही. परंतु ते मूल सुखरूप घरी पोचावे, याची काळजी वाहणारा कोणीतरी त्या गाडीमागे असलाच पाहिजे.