अर्धी रक्कम आणि पुरी माघार

धुणीभांडी करून संसार ओढणाऱ्या आमच्या वस्तीतील एका भगिनीच्या बचत खात्यातून, किमान शिल्लक न राखल्याच्या दंडापोटी, करासह १,१८० रुपये कापले गेले. पूर्वसूचना नाही. त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार गुदरली. दोन तारखा पडल्या, कामावर दोन खाडे झाले. आणि आता बँकेचा निरोप आला आहे की, ‘सदिच्छा’ म्हणून अर्धी रक्कम देतो, तक्रार मागे घ्या. शहाणी माणसे म्हणतात, घेऊन टाका. एवढ्याशा रकमेसाठी कोर्टाची पायरी कशाला?

ही रक्कम एवढीशी आहे काय? सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत याच दंडातून सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. स्टेट बँकेने २०१७ च्या एप्रिल ते नोव्हेंबर या काळात १,७७१ कोटी वसूल केले. तिच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या नफ्याहून अधिक! पुढे मार्च २०२० मध्ये तिने हा दंड रद्द केला, आणि बँक काही बुडाली नाही. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्याकडून, तो नाही म्हणूनच, पैसा घ्यायचा हा सावकारीचा जुनाच न्याय होय.

वकील मित्र २० डिसेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाकडे बोट दाखवितात. क्रेडिट कार्डावरील व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय त्याने रद्द केला. हा विषय रिझर्व्ह बँकेचा, आयोगाचा नव्हे, असे त्याचे सार. निकाल आम्हांस पटत नाही. तरीही केवळ ‘दंड अन्यायाचा आहे’ एवढ्यावर लढल्यास हार होऊ शकते, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु येथे खुद्द रिझर्व्ह बँकेचाच नियम आपल्या बाजूस आहे! २० नोव्हेंबर २०१४ चे तिचे परिपत्रक सांगते : खातेदारास आधी कळवा, शिल्लक भरण्यास महिना द्या, दंड तुटीच्या प्रमाणात ठेवा, आणि केवळ दंडामुळे खाते उणे होऊ देऊ नका. सूचना दिल्याचा कागद बँकेने अद्याप दाखल केलेला नाही. तो हाती असता तर ही सदिच्छा सुचली असती काय?

तक्रार मागे घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अर्थात निर्णय त्या भगिनीचा. दुसऱ्याच्या बुडत्या रोजावर तत्त्वाची लढाई लढविणे आम्हांलाही शोभणारे नाही; म्हणून पुढील तारखांच्या खाड्यांची भरपाई वस्तीने वर्गणी काढून करावी. आणखी चौघींच्या पासबुकांत असाच दंड कापलेला दिसतो. समान हितसंबंधाच्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, एवढ्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत मात्र दोनच वर्षांची आहे. त्यांपैकी एकीची मुदत येत्या महिन्यात संपते. तिचा अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे.