नाताळचें ताट

डिसेंबर उजाडला म्हणजे नाताळच्या जेवणाच्या बेताची चर्चा सुरू होते, आणि दरवर्षीं एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. ज्यांच्या घरीं हा सण पिढ्यानपिढ्या पाळला जातो तीं मराठी ख्रिस्ती कुटुंबें काय, किंवा हौसेनें त्यांत सामील होणारे आमच्यासारखे इंग्रजी शिकलेले लोक काय, दोघांतही बेताचा आरंभ स्वतःच्या चुलीपासून न करतां परक्या पुस्तकापासून करणारे पुष्कळ आढळतात. भाजलेला टर्की, मनुकांचें पुडिंग आणि साखरेनें मढवलेला केक एवढें जमलें तर ताट ‘खऱ्या’ नाताळचें. न जमलें तर तें खेडवळ व दुय्यम! या समजुतीशीं माझें भांडण आहे. परभणीसारख्या जिल्ह्यांत ती नुसती हास्यास्पद नाहीं, अपायकारकही आहे.

प्रथम या ‘खऱ्या’ ताटाची वंशावळ पाहूं. टर्की हा पक्षी मूळचा अमेरिकेचा. युरोपांत तो सोळाव्या शतकांत पोंचला. इंग्रजांनीं त्याला तुर्कस्तानचें नांव दिलें आणि फ्रेंचांनीं हिंदुस्थानचें, म्हणजे पक्षी कोठला हें खाणारांसही नीट ठाऊक नव्हतें. पुडिंगाचें मर्म वाळवलेल्या फळांत व जनावराच्या चरबींत आहे. ज्या देशांत हिवाळ्यांत शेतें थंडीनें गारठून पडतात तेथें सांठवणीचे पदार्थच सणाला उपयोगीं पडायचे. इंग्रजांनीं आपल्या ऋतूला धरून ताट मांडलें, हें त्यांचें शहाणपण. आम्ही त्यांचा पदार्थ तेवढा उचलला आणि शहाणपण तेथेंच ठेवलें!

आणि आमचें ज्ञान तरी कोठून आलें? डिकन्सची ‘ख्रिसमस कॅरोल’ १८४३ सालीं निघाली. ती वाचून आमच्या कित्येक पिढ्यांच्या तोंडाला पाणी सुटलें. पण त्या गोष्टींतील गरीब कारकुनाच्या घरीं बदकाच्या जातीचा एक स्वस्त पक्षी शिजतो. टर्की येतो तो कंजूष मालकाचें मन पालटल्यावर, त्याची भेट म्हणून. गोष्टीचा विषय दातृत्व हा होता. आम्ही मात्र पक्षी तेवढा लक्षांत ठेवला.

परभणीच्या काळ्या जमिनींत डिसेंबर हा ओसाड महिना नव्हे. तूर काढणीला आलेली असते, रब्बीची ज्वारी हुरड्यावर येऊं लागते, हरभऱ्याला घाटे धरूं लागतात, बाजारांत बोरें, पेरू आणि नवा गूळ येतो. येथील कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. त्यानें काढलेल्या रब्बी ज्वारीच्या एका वाणाला ‘परभणी मोती’ असें नांव आहे. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें. जगानें जिला असा मान दिला तिलाच आम्ही सणाच्या पंक्तींतून उठवावें काय?

ख्रिस्ती वाचकांना तर मी त्यांच्याच ग्रंथाची साक्ष देतों. बेथलेहेम या हिब्रू नांवाचा अर्थ ‘भाकरीचें घर’ असा केला जातो. मराठी बायबलांत प्रभूच्या प्रार्थनेंत देवापाशीं जी रोजची मागणी आहे ती भाकरीची. भाषांतरकारांना तेथें दुसरा शब्द योग्य वाटला नाहीं. प्रार्थनेंत जी भाकर पवित्र, ती त्याच प्रभूच्या जन्मदिवशीं लाजिरवाणी कशी ठरते, याचें उत्तर मला अद्याप कोणी दिलेलें नाहीं.

यावर आक्षेप येतो तो असा कीं, भाकरी रोजचीच. सणाला कांहीं निराळें नको काय? जरूर हवें. पण निराळें म्हणजे परकें नव्हे. गोंवेकरांनीं पोर्तुगीजांचा मद्य-लसणाचा प्रकार घेतला, माडाच्या शिरक्यांत मुरवला आणि विंदालू आपला करून टाकला. त्यांचा दोदोल तांदूळ, नारळ व गूळ यांचा. त्यांच्या नेवऱ्या आमच्या करंज्यांच्या सख्ख्या बहिणी. त्यांनीं किनाऱ्याला विचारून ताट मांडलें. आपण काळ्या मातीला विचारावें. दुपारीं हुरडा व लसणाची चटणी. रात्रीं येसराची आमटी, भरलें वांगें, ज्वारीची भाकरी. ज्याला चालतें त्याला काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा. शेवटीं तुपाची धार घातलेली पुरणपोळी. यांत उणें काय आहे? केकावर माझा राग नाहीं. आवडत असेल त्यानें तो खुशाल खावा. केकाच्या मापानें इतर ताटें मोजूं नयेत, एवढेंच माझें म्हणणें.

हा केवळ रुचीचा वाद असता तर मीं लेखणी उचलली नसती. बेताच्या मिळकतीच्या घरांत, मुलांना कमीपणा वाटूं नये म्हणून, या ‘खऱ्या’ ताटासाठीं उसनवारी होते. हा पहिला अपाय. दुसरा याहून मोठा आहे. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे करण्याची चाल जुनी आहे, आणि तीं ताटें शेजारींपाजारीं जातात. अंडें न खाणाऱ्या शेजाऱ्याच्या घरीं केक फळीवर पडून राहतो. करंजी मात्र कोणत्याही उंबऱ्याच्या आंत जाते आणि रिकामें ताट संक्रांतीला तिळगूळ घेऊन परत येतें. माणसांमाणसांतल्या भिंती उंचावत असतां, अशी चालती वाट आपल्या हातानें बुजवणें हें शहाणपणाचें लक्षण नाहीं.

फादर थॉमस स्टीफन्स हा तर जन्मानें इंग्रज. त्यानें ख्रिस्ताची कथा मराठी ओवींत गुंफली आणि ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण अभंग आणि कीर्तन सोडलें नाहीं. ओवीनें व अभंगानें ख्रिस्ताची भक्ति उणी झाली नाहीं. मग पुरणानें आणि भाकरीनें त्याचा सण कसा उणा होईल? यंदा बेत ठरवतांना पुस्तक मिटून ठेवावें आणि आधीं शिवारांत एक फेरी मारून यावी.