हल्ला झाला, हे रुग्णाला कोण सांगणार?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर बंद पडले. माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचा तो हल्ला होता. केसपेपर, भरती, तपासण्यांचे अहवाल, सगळे पुन्हा हाताने लिहावे लागले, आणि सुमारे दोन आठवडे तसेच चालले. एम्सच्या रांगेत बहुतेक कोण उभे असते? खाजगी दवाखाना न परवडणारे, रात्रभर रेल्वेने प्रवास करून आलेले लोक.

पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली, नेटवर्कचे नीट विभाजन नव्हते म्हणून हे घडले, असे सरकारने पुढे संसदेत सांगितले. म्हणजे चोर एका खोलीत शिरला आणि बाकीच्या खोल्यांची दारे उघडीच होती. एका सुरक्षित सर्व्हरवर प्रत असल्याने माहिती परत मिळाली. पण ‘माझी फाईल चोरांच्या हाती पडली का?’ या रुग्णाच्या प्रश्नाला उत्तर देण्याची सक्ती तेव्हा कोणत्याच कायद्यात नव्हती.

मला खरी काळजी या मौनाची वाटते. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार संस्थांनी असा हल्ला सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवायचा असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्यातून, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे विषय सोडून, सूट देण्यात आली. सरकारला सहा तासांत कळते. नागरिकाने मात्र विचारायचेही नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता सांगितली, तर केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले की ती मानवी चूक होती. खरे काय? अधिकृत उत्तर असे दुभंगले की मोकळी जागा व्हॉट्सअॅप भरून काढते, आणि तिथे संशयाची सुई कोणत्या मोहल्ल्याकडे वळते हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

आपल्या समाजाशीही स्पष्ट बोलले पाहिजे. मे २०२५ मधील भारत-पाक संघर्षात पाकिस्तान, बांगलादेश, इंडोनेशियातील हॅकर गटांनी भारतीय यंत्रणांना लक्ष्य केले. सुमारे १५ लाख हल्ल्यांपैकी १५० यशस्वी झाले, असे महाराष्ट्र सायबरचे म्हणणे. अशा गटांपैकी काही जण धर्माचे नाव मिरवतात. रुग्णाची माहिती ही अमानत आहे. ती लुटणारा कोणत्याही नावाने लुटो, तो गुन्हेगारच. आपल्या पोरांनी टेलिग्रामवर त्याला टाळ्या वाजवू नयेत.

पण अमानत सांभाळणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला कळवण्याची तरतूद आहे. त्याच कायद्याचे कलम १७ केंद्राला हव्या त्या सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार देते. रुग्णालये, रेशन आणि शिष्यवृत्तीच्या यंत्रणांना ही सूट कधीही मिळू नये, अशी मागणी आपण लेखी केली पाहिजे. आणि आपल्या नगरसेवकाला एवढे तरी विचारा: पालिकेच्या दवाखान्यातील नोंदींची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे, आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली?