आधी तिच्यावर विश्वास ठेवा

नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या खामगाव तालुक्यातलं पाळा गाव राज्यभर गाजलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेल्या आदिवासी मुलींनी आश्रमशाळेत काय सोसलं ते घरच्यांना सांगितलं आणि प्रकरण उघड झालं. शाळेशी संबंधित अनेकांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमलं गेलं.

यातली एक गोष्ट नीट बघा. मुली बोलल्या त्या घरी, आपल्या माणसांत. सावरण्याची सुरुवात अशा ठिकाणी होते, जिथे ऐकणारा आधी विश्वास ठेवतो. दलित, आदिवासी, पारधी मुलींना घराबाहेर नेमकं हेच मिळत नाही.

अत्याचाराचा धक्का कुठल्याही मुलीला बसतो. झोप उडते, गर्दीची भीती वाटते, कॉलेज नकोसं होतं. पण ती वस्तीवरची, पाड्यावरची असेल तर वर जातीचं ओझं चढतं. ‘त्यांच्यात असंच असतं’, ‘पैशासाठी केस केली असेल’ ही वाक्यं आपण सगळ्यांनी टपरीवर ऐकली आहेत. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांवर शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का नाही गेला. म्हणून पारधी बाईला ठाण्याची पायरी चढताना धाकधूक असते, की तक्रार लिहायच्या आधी आपल्यालाच संशयित धरतील. अशा भीतीत मन सावरणार कसं?

हे आजचं नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवलं. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी धरलं, पण अंगावर जखमा नाहीत वगैरे कारणं देत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, महिला रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. देशाला कायदा मिळाला. त्या मुलीच्या मनाचं काय झालं, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही.

आज कागदावर बरंच काही आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१६ च्या नियमांनुसार बलात्कार पीडितेला पाच लाखांची मदत मिळते. त्यातली निम्मी रक्कम वैद्यकीय अहवालानंतर, पाव भाग आरोपपत्रानंतर आणि उरलेला खटल्याचा निकाल लागल्यावर. राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आहे. सरकारी असो की खासगी, पीडितेवर मोफत उपचार करणं प्रत्येक दवाखान्याला बंधनकारक आहे. २०२१ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अंध दलित तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं, की जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र आले की अन्यायाचं रूपच वेगळं होतं.

पण पैशाचे टप्पे ठरलेत, तसे मनाच्या उपचाराचे टप्पे कुठे ठरलेत? जळगाव जामोद, संग्रामपूरच्या सातपुड्यालगतच्या पाड्यावरून समुपदेशनासाठी बुलडाण्याला यायचं म्हणजे आईची मजुरी बुडते. घरात कोरकू किंवा निहाली बोलणाऱ्या मुलीने परक्या माणसासमोर प्रमाण मराठीत दुःख मांडायचं, ही अपेक्षाच क्रूर आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. समुपदेशक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी बसावेत. मुलीची बोली जाणणाऱ्या बायकांना प्रशिक्षण आणि मानधन देऊन सोबत घ्यावं. आरोपपत्र दाखल झाल्यावर भेटी थांबू नयेत, निकालानंतरही वर्षभर सुरू राहाव्यात. ‘धीर धर’ म्हणण्याआधी तिला सन्मानाने बसवायचं कसं, हे ठाण्यातल्या आणि दवाखान्यातल्या प्रत्येकाला शिकवावं.

आणि थोडं आपल्याबद्दल. गावात काही घडलं की पहिल्या तासात मुलीचं नाव, फोटो, आडनावावरून जात, सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘जस्टिस’चं स्टेटस ठेवून तिचा फोटो लावणारेही यात आले. गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही, तर कोर्टात जिंकूनही ती घरातच कोंडली जाते.

‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्याच बुलडाण्याच्या. दोष फक्त बाईच्या माथी का मारता, असा त्यांचा सवाल होता. त्याचं उत्तर भाषणात देऊन भागणार नाही. ग्रुपवरचा पुढचा मेसेज फॉरवर्ड न करता डिलीट करा, पाठवणाऱ्याला टोका. मैत्रीण बोलली तर जात, कपडे, वेळ विचारू नका, सोबत चला. मदतीसाठी १८१ आणि मनाच्या आधारासाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन नंबर आजच सेव्ह करा.